दोनशे ब्याऐंशी गुण आणि आपले साहित्य

दलित साहित्याच्या समीक्षेत वेदना, नकार आणि विद्रोह या तीन शब्दांभोवती आजवर पुष्कळ लिहिले गेले. गावकुस आले, पाणवठा आला, भूक आली, शाळेच्या पायरीवर बसविलेले मूल आले. पण ज्या एका कागदाने आपल्या तीन-चार पिढ्यांच्या आयुष्याचे वळण ठरविले, त्या कागदाकडे संहिता म्हणून कोणी पाहिले नाही. तो कागद म्हणजे गुणपत्रिका. पेढे वाटावयास लावणारी नव्हे. जी घडी घालून खिशात ठेवली जाते आणि घरी गेल्यावरही लवकर बाहेर निघत नाही, ती. या कमी गुणांच्या गुणपत्रिकेला आपल्या साहित्यात जागा का नाही, असा माझा प्रश्न आहे, आणि तो मला वाङ्मयीन प्रश्न वाटतो. निकालानंतर मुलाने खचू नये म्हणून दोन धीराचे शब्द सांगणारी पुस्तके बाजारात भरपूर मिळतात. त्या पुस्तकांचा आणि या प्रश्नाचा संबंध नाही.

मी कोलाडच्या बाजूला एका माध्यमिक शाळेत बरीच वर्षे मराठी शिकविली. ज्यांना हे गाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुंबई-गोवा महामार्गावर, रोहे तालुक्यात, कुंडलिकेच्या काठी हा नाका आहे. भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेले पाणी या नदीला येते, आणि त्या पाण्यावर रबरी होड्यांतून तरंगण्यासाठी मुंबई-पुण्याची माणसे पैसे मोजून येतात. आमच्या वाड्यांतली पोरे त्या होड्या वल्हवतात. जी वल्हवीत नाहीत ती धाटावच्या रासायनिक कारखान्यांत कंत्राटावर जातात. बारावीला कमी गुण पडले म्हणजे काय, हे इथल्या पोराला कोणी समजावून द्यावे लागत नाही. होडी आणि कंत्राट दोन्ही घरापासून हाकेच्या अंतरावर असतात. विद्यापीठ मात्र दूर असते.

माझी एक जुनी विद्यार्थिनी बारावी शास्त्र शाखेचा निकाल लागल्यावर चार दिवसांनी घरी आली. सहाशेपैकी २९१. पास होती. पण ज्या अभ्यासक्रमासाठी तिने दोन वर्षे एस.टी.च्या पासवर काढली होती, त्याच्या यादीत तिचे नाव लागण्यासारखे नव्हते. साध्या बी.एस्सी.चा अर्ज भरावा की नाही, एवढ्यावर गोष्ट आली होती. रडणे चार दिवसांत आटोपले होते. तिने मला सल्ला मागितला नाही, पुस्तक मागितले. म्हणाली, "सर, कमी मार्क पडलेल्या माणसाचं पुस्तक आहे का आपल्यात?"

"आपल्यात" हा शब्द तिने सहज वापरला. मी त्या शब्दासकट माझ्या कपाटापुढे उभा राहिलो. हा लेख म्हणजे त्या कपाटाची तपासणी आहे.

प्रथम प्रस्थापित मराठी साहित्य पाहू, कारण नापास होण्याचा विषय तिथे उदंड आहे. पु. ल. देशपांडे यांचे 'बिगरी ते मॅट्रिक' पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. त्यातला विनोद निर्मळ आहे, आणि मीही वर्गात तो वाचून दाखवून मुलांना हसविले आहे. पण हा विनोद कोणत्या जमिनीवर उभा आहे? ज्या घरात मूल मॅट्रिक होणारच आहे, यंदा नाही तर पुढल्या वर्षी, त्या घरात शाळेचा कंटाळा ही गमतीची गोष्ट होऊ शकते. पुढल्या वर्षाची फी वडिलांच्या कोटाच्या खिशात असते. आमच्याकडे पुढले वर्ष ही वस्तूच शिल्लक नसते. 'ऑक्टोबरची वारी' हा शब्दप्रयोग ज्याने प्रथम केला असेल, त्याला वारीहून परत यावयाला घर होते.

दुसरे पुस्तक भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला', १९६३ ची. मराठी कादंबरीतला सर्वांत गाजलेला अपयशी विद्यार्थी म्हणजे पांडुरंग सांगवीकर. खानदेशातून पुण्याला शिकावयास गेलेला हा मुलगा परीक्षेतले अपयश घेऊन गावी परततो. अनेक समीक्षकांनी त्याला एका पिढीचा प्रतिनिधी ठरविले. कादंबरीची भाषा, तिचा बेमुर्वतखोरपणा, बहिणीच्या मृत्यूचे ते प्रकरण, यांचे मोल मी कमी करू इच्छीत नाही. परंतु प्रतिनिधी कोणाचा, एवढे विचारण्याचा अधिकार मला आहे. पांडुरंगाच्या निरर्थकतेच्या खाली शेत आहे. त्याचे वडील गावातले वजनदार गृहस्थ आहेत. मुलगा नापास होऊन आला तर त्याला घालून पाडून बोलतील, पण त्याला ताट वाढले जाईल. जगण्यात अर्थ नाही असे म्हणण्यासाठी जगण्याची किमान तजवीज झालेली असावी लागते. आमच्या वाडीतला मुलगा पुण्याहून किंवा अलिबागहून नापास होऊन आला, तर तो निरर्थकतेकडे परतत नाही, तो हजेरीवर परततो. सकाळी सातची पाळी असते. तिथे शून्यतेवर चिंतन करण्याची सोय नाही.

मग आपले कपाट. 'बलुतं' १९७८ चे, 'आठवणींचे पक्षी' १९७९ चे, 'उपरा' १९८० चे, 'तराळ-अंतराळ' १९८१ चे, 'जिणं आमुचं' आणि 'माज्या जल्माची चित्तरकथा' १९८६ ची, कोकणच्या मातीतले 'आयदान' २००३ चे. या पुस्तकांनी मराठी साहित्याचा चेहरा बदलला, हे आता विरोधकही मान्य करतात. शाळा या पुस्तकांत पानोपानी आहे. उर्मिला पवार यांच्या आईने आयदाने विणून मुलांना शिकविले. त्या बांबूच्या कामट्यांतून शिक्षणाचा खरा हिशेब दिसतो, जो कोणत्याही शिक्षण आयोगाच्या अहवालात सापडत नाही. तरीही मला हवे होते ते पुस्तक मिळाले नाही.

कारण उघड आहे. आत्मकथन लिहिणारा माणूस हा बहुधा परीक्षेच्या पलीकडच्या काठावर पोहोचलेला माणूस असतो. शंकरराव खरात गावच्या तराळाच्या घरातून निघून मराठवाडा विद्यापीठाच्या कुलगुरुपदापर्यंत गेले. पी. आय. सोनकांबळे प्राध्यापक झाले. दुसऱ्या टोकाला अण्णा भाऊ साठे आहेत, जे दीड दिवस शाळेत गेले आणि जगाच्या विद्यापीठात शिकले. एक पूर्ण आत गेला, दुसरा पूर्ण बाहेर राहिला, आणि दोघांनाही आपापली थोर वाङ्मयीन रूपे सापडली. पण जो आत गेला, पेपर लिहून आला, आणि आठेचाळीस टक्क्यांवर अडकला, त्याचे काय? संख्येने तो सर्वांत मोठा आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांत तोच अधिक होता. तो चळवळीत आहे, मोर्चात घोषणा देतो, १४ एप्रिलला मंडप बांधतो, २० मार्चला महाडला चवदार तळ्यावर जातो. आपल्या साहित्यात मात्र तो वाचकसुद्धा नाही, कारण साहित्य त्याच्याविषयी बोलत नाही.

आणि हे सारे अधिक आश्चर्याचे वाटते ते एका आकड्यामुळे. तो आकडा आपल्या सर्वांना माहीत आहे, तरी आपण तो मोठ्याने उच्चारीत नाही. बाबासाहेब १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिकला बसले. चरित्रकारांनी त्यांचे गुण नोंदवून ठेवले आहेत: ७५० पैकी २८२. म्हणजे सदतीस टक्के आणि वर थोडे. आजच्या पस्तीस टक्क्यांच्या रेषेच्या वीस गुण वर. पोरे ज्याला 'काठावर पास' म्हणतात, तेच.

भाषणांतून आपण बाबासाहेबांच्या पदव्या सांगतो. एम.ए., पीएच.डी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ; फलकावर ओळ पुरत नाही. लहान मुलांना वाटते की हा माणूस जन्मतःच पहिल्या क्रमांकाचा होता. आपण त्या २८२ ची लाज बाळगतो काय? मला तसे वाटते. आणि ही लाज आपली नाही, ती उसनी आहे. ज्यांनी गुणवत्तेचा बाजार मांडला त्यांच्याकडून ती आणली आहे.

तो आकडा कोणत्या घरातून आला हे चरित्रांत आहे. परळच्या चाळीतली एक खोली. तीच स्वयंपाकघर, तीच झोपण्याची जागा. रामजीबाबा पहाटे दोनला मुलाला उठवून अभ्यासाला बसवीत. पुस्तकांसाठी लग्न झालेल्या लेकींचे दागिने गहाण पडत. वर्गात फळ्यापाशी जायला सांगितले की इतर मुले फळ्यामागे ठेवलेले आपले डबे उचलावयाला धावत. आणि संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही ते नाकारले गेले, म्हणून फारसी घ्यावी लागली. हे २८२ या सर्वांची बेरीज-वजाबाकी होऊन उरलेले आहेत.

संस्कृतच्या या मुद्द्यावर मी थोडा थांबतो, कारण तो आमच्या तालुक्यातून जातो. चिंतामणराव देशमुख हे रोह्याचे. जन्म महाडजवळच्या नाते गावी, १८९६ चा. वडील रोह्याला वकील. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री, विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. 'मेघदूता'चे मराठी भाषांतरही त्यांनी केले. रोह्याच्या महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे, आणि ते योग्यच आहे. त्यांच्या बुद्धीविषयी मला शंका नाही, आकसही नाही. मी फक्त दोन गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवतो. पाच वर्षांच्या अंतराने, त्याच विद्यापीठाच्या, त्याच परीक्षेच्या. एकीवर सर्वोच्च मान ज्या विषयाने दिला, त्या विषयाच्या वर्गाचे दार दुसरीच्या मालकाला बंद होते. मग या दोन आकड्यांची तुलना कशी करावयाची? ज्याला धावपट्टीवर उतरूच दिले नाही, त्याची वेळ कोणत्या घड्याळाने मोजावयाची? आणि पुढे काय झाले तेही पाहा. १९५० च्या जूनपासून १९५१ च्या सप्टेंबरपर्यंत ही दोन्ही माणसे एकाच केंद्रीय मंत्रिमंडळात बसत होती. रुपयाच्या प्रश्नावर जगाने दखल घ्यावी असा ग्रंथ १९२३ साली लिहिला होता तो त्या सदतीस टक्केवाल्याने.

(आमच्या शाळेत संस्कृत कधी नव्हतेच. शहरातल्या शाळांत 'गुण मिळवून देणारा विषय' म्हणून ते घेतात. जातीने बंद केलेले दार आता शिक्षक न नेमून बंद राहते. निकालपत्रकात दोन्हींची बेरीज सारखीच येते.)

या २८२ गुणांचे पुढे काय झाले, यात माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. त्या निकालानंतर सभा भरली. अध्यक्ष सीताराम केशव बोले. सभेला कृष्णराव अर्जुन केळुसकर हजर होते, आणि त्यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र या मुलाला दिले. पुढे इंटरनंतर पैशांवाचून शिक्षण थांबण्याची वेळ आली तेव्हा हेच केळुसकर त्याला सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. बोल्यांनीच १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मांडला, आणि त्या ठरावाच्या आधाराने १९२७ साली आमच्याच जिल्ह्यात चवदार तळ्याचे पाणी पेटले. सदतीस टक्क्यांच्या सत्कारसभेतून निघालेली वाट इथवर येते.

या सभेतल्या माणसांनी गुणपत्रिका वाचली, आकडा नव्हे. वाचणे म्हणजे आकड्याच्या मागची वाट पाहणे. हे समीक्षकाचे काम आहे. कवितेची ओळ आपण संदर्भावाचून वाचीत नाही. मग आपल्या पोराच्या आयुष्याची ओळ टक्क्यांत कशी वाचतो?

आणि आज आपल्या सत्कारसभा पाहा. गावोगावची मुंबई मंडळे, पंचायत समित्यांच्या शाखा, पावसाळ्यात गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार करतात. वह्या, पुष्पगुच्छ, बाबासाहेबांची प्रतिमा. स्तुत्य उपक्रम आहे. तो बंद करा असे मी म्हणणार नाही. पण पत्रिकेवर खाली बारीक अक्षरात असते: साठ टक्के आणि त्यावरील. कुठे सत्तर. या अटीने १९०७ चा तो मुलगा मंचावर चढला नसता, त्याला चरित्र मिळाले नसते, आणि ज्याच्या प्रतिमेला हार घालून कार्यक्रम सुरू होतो तोच मागच्या खुर्च्यांत बसला असता. हे कार्यकर्त्यांना बोचावे म्हणूनच लिहितो आहे.

शासनाने तेच केले तेव्हा आपल्याला संताप आला. २०२४ साली परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्तीसाठी ७५ टक्के गुणांची अट घातली गेली. विद्यार्थ्यांनी विरोध केला, बाबासाहेबांचे गुण तेव्हा अनेकांना आठवले, आणि अट मागे घ्यावी लागली. पण सत्कार समितीची अट कोण मागे घेणार? सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०२२ मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात म्हटले, की खुल्या स्पर्धा परीक्षेचे गुण हे सामाजिक, आर्थिक आणि सांस्कृतिक भांडवलाचा लाभ लपवितात, आणि गुणवत्ता त्या एका आकड्यात मावत नाही. न्यायालयाला जे समजले ते आपल्या मंडळाच्या चिटणिसाला समजावे ही अपेक्षा जास्त नाही.

एक उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर माझे म्हणणे अर्धवट राहील. कमी गुण हाच प्रश्न असता तर जास्त गुणांनी तो सुटला असता. आमच्या जिल्ह्यातले आर. बी. मोरे, महाडच्या परिषदेच्या संघटकांतले एक, लहानपणी शिष्यवृत्तीच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले, तरी महाडच्या इंग्रजी शाळेत त्यांना प्रवेश नाकारला गेला. धडपडीने तो मिळविला तेव्हा इतरांपासून वेगळे, बाहेर बसावे लागले. आणि कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' घ्या, १९८१ चे. त्यातली त्यांच्या संस्कृतची हकीकत प्रत्येक शिक्षकाने वाचावी. संस्कृत घेऊन एम.ए. झालेली ही बाई. गुण होते, पदवी होती, पण नोकरीचे दार उघडेना. ते उघडले लग्नानंतर, सोमकुवर जाऊन पावडे हे आडनाव आल्यावर, आणि हे त्यांनी स्वतः कसलाही आडपडदा न ठेवता सांगितले आहे. गुणपत्रिकेवर गुणांच्या आधी नाव छापलेले असते. वाचणारा प्रथम ते वाचतो.

म्हणून मी त्या मुलीला 'जिद्द सोड नको' वगैरे काही सांगितले नाही. आम्ही दोघांनी तिची गुणपत्रिका वाचली, विषयवार. मराठीत ७४. जीवशास्त्रात बरे. भौतिक आणि रसायनशास्त्रात पस्तिशीच्या आसपास. इथे कारण दडलेले नव्हते. दहावीपर्यंत मराठी माध्यम. अकरावीला शास्त्र शाखेत सारे इंग्रजीतून. ज्या मुलीने 'त्वरण' हा शब्द समजून घेतला होता तिला तीच कल्पना परक्या नावाने पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागली, आणि वर्ग मात्र पुढे गेलेला. शहरातली मुले हा खड्डा शिकवणीच्या पैशांनी बुजवितात. आमच्याकडून कोणतीही शिकवणी गाठायची तर एस.टी. आणि तिचे वेळापत्रक, आणि घरी आल्यावर लहान भावंडे. भौतिकशास्त्राचा पेपर तिने लिहिला तेव्हा तिच्यासोबत हे सर्व परीक्षागृहात बसलेले होते. तपासनिसाला ते दिसले नाही हा त्याचा दोष नाही. पण घरच्यांना दिसले नाही, तिला स्वतःला दिसले नाही, आणि 'मला शास्त्र जमत नाही' असे ती म्हणू लागली, हे मला अधिक गंभीर वाटले. व्यवस्थेचे वाक्य पोरीच्या तोंडी प्रथमपुरुषी एकवचनात येते, तेव्हा व्यवस्थेचे काम पूर्ण झालेले असते.

भाषेचाच प्रश्न निघाला म्हणून आणखी एक. आपल्याकडे म्हणतात, "तो गणितात गेला." "इंग्रजीत गेली." माणूस मरतो तेव्हा हेच क्रियापद वापरतात. गेल्या दशकात दहावीच्या गुणपत्रिकेवरून 'नापास' हा शब्द काढून 'कौशल्य विकासास पात्र' असे लिहू लागले. सद्हेतू असेल. पण कोलाडच्या पोराला त्याचा अर्थ विचारा. तो म्हणेल, धाटाव. वरची जात ज्याला ज्ञान म्हणते ते तुझ्यासाठी नाही, तू हाताच्या कामास पात्र, हे वाक्य आपण फार पूर्वीपासून ऐकत आलो आहोत; आता ते गोड अक्षरात छापून येते. मला जुना 'नापास' बरा वाटतो. त्याच्याशी भांडता तरी येत होते.

भांडण्याच्या वाटाही आहेत, आणि त्या कार्यकर्त्यांना पाठ असाव्यात. २०१५ पासून दहावीची फेरपरीक्षा ऑक्टोबरची वाट न पाहता जुलैच्या सुमारास होते, वर्ष वाचते. शाळा सुटलेल्याला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येते. नाशिकचे मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. बाहेरून शिकणाऱ्याला विद्यापीठाने मान्यता द्यावी ही मागणी जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे केली होती. खाजगी अभ्यास करून उच्च परीक्षेला बसू द्या म्हणजे शिक्षण पसरेल, असे त्यांचे म्हणणे होते. मुक्त विद्यापीठ यायला त्यानंतर शंभर वर्षांवर काळ गेला. जे पोर सतरा नंबरचा फॉर्म भरायला लाजते त्याला हा फॉर्म कोणत्या परंपरेतला आहे ते सांगावे.

आणि बाबासाहेबांचा एक प्रसंग, जो मॅट्रिकइतकाच विसरला जातो. लंडन विद्यापीठाला सादर केलेला त्यांचा डी.एस्सी.चा प्रबंध १९२३ च्या मार्चमध्ये परीक्षकांनी पुन्हा लिहावयास सांगितला. हाती पैसे उरले नव्हते. ते मुंबईला आले, प्रबंध पुन्हा लिहून पाठविला, त्याच वर्षी तो मान्य झाला. निष्कर्ष त्यांनी बदलले नाहीत. फेरपरीक्षा ही काय चीज आहे हे त्यांना पुरते माहीत होते.

तेव्हा आपल्या लेखकांकडून माझी मागणी आहे. आत्मकथनाचा बहर ओसरला अशी तक्रार हल्ली ऐकू येते. तेच ते अनुभव, असे म्हणतात. अनुभव तेच नाहीत, उत्तीर्णांचेच अनुभव आले म्हणून ते तेच वाटतात. निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता मोबाईलवर आकडा पाहून कुंडलिकेच्या पुलाकडे चालत गेलेला आणि तिथून संध्याकाळी परत आलेला मुलगा, तो परत का आला, त्याला कोणी हाक मारली, घरी आईने त्याला काय वाढले, दुसऱ्या दिवशी होडीच्या मालकाने त्याला काय विचारले, हे कोणी लिहिले आहे? त्याला विद्रोहाच्या भाषेत कोंबू नका. तो विद्रोही असेल किंवा नसेल. त्याला हरलेला नायकही करू नका. पांडुरंग सांगवीकर एक पुरे. त्याची गुणपत्रिका नीट वाचा, म्हणजे कादंबरी तिच्यात आहे. आणि ती त्याने स्वतःच लिहिली तर फारच चांगले. शुद्धलेखन आपण पाहून घेऊ.

त्या मुलीला मी कपाटातून काय दिले, असे कोणी विचारील. 'अंतःस्फोट' दिले, आणि बाबासाहेबांच्या चरित्रातली मॅट्रिकची पाने खूण घालून दिली. दोन दिवसांनी तिची आजी नाक्यावर भेटली. तिने एकच विचारले, "मास्तर, फारम कधी भरायचा?" बी.एस्सी.चा अर्ज गेला. पहिल्या यादीत नाव नव्हते, तिसऱ्या यादीत लागले. भौतिकशास्त्राच्या इंग्रजी शब्दांची एक वही ती करते आहे, एका बाजूला मराठी, एका बाजूला इंग्रजी. ती वही वाडीतल्या अकरावीच्या दोन मुलांनी उतरवून घेतली.

आमच्या मंडळाच्या सत्कार समितीला मी पत्र दिले आहे, की यंदा टक्क्यांची अट काढावी आणि जो जो परीक्षेला बसला त्याला पुस्तक द्यावे. चिटणीस म्हणतात, एवढी पुस्तके कुठून आणायची. हिशेब मागितला आहे. बसलेली मुले एकेचाळीस आहेत.